वरच्या फळीवरची

१४ ऑक्टोबर

मावशी,

आधी नमस्कार, मग रडगाणं. फोनच केला असता, पण तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि हे सगळं ओरडून सांगायची माझी तयारी नाही.

शुक्रवारी सिनेमा लागला. पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. दोनशे सत्तर खुर्च्या आणि एकतीस माणसं. मी मोजली, कारण पडद्याकडे बघवत नव्हतं. बाहुली पहिल्यांदा मान वळवते तिथे लोकांनी दचकायचं होतं. माझ्या पुढच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "अगं, किती गोड आहे." मध्यंतरानंतर बाहुली एकटीच जिना उतरून खाली येते. त्या एका प्रसंगासाठी आम्ही सहा दिवस घातले होते. तारा लावल्या, मग तारा पडद्यावरून पुसल्या. तिथे एक गृहस्थ घोरत होते. आणि शेवटी ती जळते, तिथे सगळे हसले. सगळे म्हणजे जे जागे होते ते.

पेपरात आलंय तेही सांगते, नाहीतर घड्याळवाले काका तुला वाचून दाखवतीलच. "ही बाहुली बघून भीती वाटत नाही, तिला उचलून कडेवर घ्यावंसं वाटतं." भुताच्या सिनेमाबद्दल याहून वाईट काही लिहिता येत असेल असं मला वाटत नाही. निर्माते फोन उचलत नाहीत. चार वर्षं मी एकच गोष्ट धरून बसले होते, आणि ती दोन तासांत हसण्यावारी गेली.

आता खरं सांगायचं ते. तुझ्या दुकानातली "वरची" बाहुली मला देताना तू एकच अट घातली होतीस, काम झालं की तिच्या फळीवर आणून ठेवायची. मावशी, ती राहिली नाही. शेवटचा प्रसंग एकदाच करता येणार होता आणि बाहुली एकच होती. जुनं कापड आणि आत भुसा, दोन मिनिटांत संपलं. हे मी तुला उन्हाळ्यातच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

रागव. तुझा हक्क आहे.

तुझी
टिकली


२१ ऑक्टोबर

टिकले,

पत्र मिळालं. वाचलं आणि काचेच्या डोळ्यांचा डबा काढून मापाप्रमाणे डोळे निवडत बसले. मला राग आला की मी डोळे निवडते हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. या खेपेला दोन दिवसांत अख्खा डबा निवडून झाला, आणि आता दुकानात निवडायला काही उरलेलं नाही.

सिनेमा पडला त्याचं मनापासून वाईट वाटलं. चार वर्षं तू धड जेवलीसुद्धा नसशील. घड्याळवाले पहिल्याच दिवशी जाऊन आले. कसा आहे विचारलं तर म्हणाले, खुर्च्या फार छान आहेत. पेपराचं कात्रणही त्यांनीच आणून दिलं. तू मला त्यातलं एकच वाक्य पाठवलंस. त्याच्या पुढे बाहुली शेवटी बदलते असं काहीतरी लिहिलंय, ते काही मला कळलं नाही. सिनेमातलं मला तसंही कळत नाही.

पण "वरची" कोण होती हे मी तुला कधी नीट सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. ती पावती क्रमांक दोनशे सतरा. तू माझ्याकडे आलीस त्याच्या दोन वर्षं आधी एक माणूस तिला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला होता. डावा खांदा निखळलेला. उजव्या हाताची करंगळी त्याने घरीच लाकूड तासून बसवली होती, बाकीच्या बोटांपेक्षा पेरभर लांब. "ही पण नीट करता आली तर बघा," असं लाजत म्हणाला. मी खांदा बसवला, करंगळीला हात लावला नाही. घरच्या माणसाने केलेली दुरुस्ती आपण काढायची नाही आणि तिच्यासारखी दुसरी करायचीही नाही, ती त्या घराची असते. हे तुला मी सातव्या वर्षीच शिकवलं होतं. तो माणूस चार दिवसांनी यायचा होता, आलाच नाही. न्यायला कोणी आलं नाही म्हणून वस्तू आपली होत नाही. मी ती विकली नाही, कोणाला दिली नाही. तुला दिली, कारण तू मागितलीस.

आणि आता मला काय लागलं ते. तुझी मुलाखत छापून आली होती, तीही घड्याळवाल्यांनी आणली. "लहानपणी मावशीच्या दुकानात एक बाहुली होती, ती आपोआप तोंड फिरवायची, मी तिला भयंकर घाबरायचे." अगं, तोंड मी फिरवायचे. दुकान उघडलं की न्यायच्या सगळ्या बाहुल्या दाराकडे वळवून ठेवते, म्हणजे गिऱ्हाइकाला आपली दारातूनच ओळखू येते. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की भिंतीकडे वळवते, नाहीतर गालांचा रंग उडतो. बाकीच्या चार दिवसांत घरी जायच्या, ही राहिली, म्हणून तुला तेवढी हीच दिसली. तू शाळेत जाताना ती दाराकडे बघत असायची, जेवायला परत आलीस की भिंतीकडे. त्यात भूतबित काही नव्हतं, तुझी मावशी होती.

तू तिच्याकडे टक लावून बसायचीस. मला वाटायचं, पोरीला ती आवडते. तुझे ते अकरा महिने मी सुखाचे समजून बसले होते. तू घाबरून काढलेस हे मला सत्तावीस वर्षांनी पेपरातून कळावं, याचं बाहुली जळण्याहून जास्त वाईट वाटलं.

जळली ती जळली. पावतीचा माझ्याकडचा अर्धा तुकडा अजून डब्यात आहे. त्याचं काय करू ते कळव.

मावशी


३० ऑक्टोबर

मावशी,

तो तुकडा टाकू नकोस. का म्हणून विचारू नकोस, फक्त टाकू नकोस.

मुलाखतीचं मनाला लावून घेऊ नकोस. निर्मात्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, लहानपणीची एखादी भीती सांगा, लोकांना ते आवडतं. मी जे सुचलं ते सांगितलं. उगाच तुझं नाव मध्ये आलं.

सध्या बाथरूमच्या फरशीच्या जाहिराती कापते आहे. म्हणजे चित्रीकरण दुसरं कोणी करतं, मी तुकडे जोडते. एक बाई अनवाणी येते, फरशीकडे बघून हसते आणि जाते. ती अकरा प्रकारे हसली आहे, त्यातलं कोणतं हसू ठेवायचं यावर काल तीन माणसांची बैठक झाली. कोणी घोरलं नाही, एवढी प्रगती आहे.

आईचा फोन आला होता. सिनेमा बघितला म्हणाली, "छान होता, बाहुलीचा फ्रॉक छान होता." मग तिने तिच्याकडच्या हवेचं सांगितलं, मी इकडच्या हवेचं सांगितलं. आमचं हे असंच. हॉस्पिटलात नोकरी लागली, राहायला खोली बघते आणि पंधरा दिवसांत न्यायला येते, असं सांगून ती मला तुझ्याकडे ठेवून गेली आणि अकरा महिन्यांनी उगवली. का, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. बाबा गेल्यावर तिची काय ओढाताण झाली असेल ते आता कळतं, पण सात वर्षांच्या मुलीला पंधरा दिवस म्हणजे पंधराच दिवस असतात. सिनेमातली मुलगीही पंधरापर्यंत मोजते. आईला ते कळलं की नाही कोण जाणे. तिला फ्रॉक आवडला.

एक सांग. दोनशे सतरा नंबरचं कोणी समजा आज आलंच, तर तू काय सांगशील?

टिकली


१४ नोव्हेंबर

टिकले,

तुझा प्रश्न इकडे पोचला आणि मंगळवारी त्याचं उत्तर स्वतःच्या पायांनी दुकानात आलं.

सकाळी अकराची वेळ. अंगावर शाळेच्या बसच्या चालकाचा गणवेश घातलेली एक बाई आत आली. पस्तिशी ओलांडलेली, खांद्याने भक्कम, आवाज बारीक. तिने पाकिटातून प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागदाचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. दोनशे सतरा. एक बाहुली, डावा खांदा. खाली माझंच अक्षर.

मी तो नंबर दोनदा वाचला. तिने मला पाणी दिलं, माझ्याच माठातलं.

तिची गोष्ट अशी. बाहुली इथे ठेवून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचे वडील कामावर अपघातात गेले. महिन्याभरात आई मुलांना घेऊन मामाकडे राहायला गेली. पावती वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली, पण त्यावर नंबर आणि काम एवढंच, दुकानाचं नाव माझ्याकडच्या अर्ध्या तुकड्यावर. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई म्हणाली, दुसरी घेऊ. तिला दुसरी नको होती. वडिलांनी तिच्यासमोर बसून, स्वतःचा अंगठा कापून घेऊन ती करंगळी केली होती.

गेल्या महिन्यात दुपारच्या फेरीआधी तीन तास मोकळे होते म्हणून ती सिनेमाला जाऊन बसली. कोणता सिनेमा हेसुद्धा बघितलं नव्हतं, आत थंड हवा असते एवढंच. चार माणसं होती म्हणे. आणि पडद्यावर तो हात आला. ती म्हणाली, "मावशी, बाकीचे हसत होते आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसले होते." शेवटी आभारांची यादी येते तोवर ती बसून राहिली, त्यात आपल्या दुकानाचं नाव वाचलं, आणि मग मंगळवारी सकाळची फेरी करून, रजा टाकून विचारत विचारत इथे आली.

मी तिला सांगितलं, बाई, मला क्षमा करा, ती शेवटी जळते ना, ती खरंच जळली. माझी भाची सिनेमा करणारी, तिनेच मला लिहून कळवलंय. तर ती शांतपणे म्हणाली, "जळली ती आमची नाही. जळणाऱ्या बाहुलीची करंगळी बरोबर होती."

मला वाटलं, बिचारीला पटत नाहीये. वेड्या आशेने माणूस काहीही बघतं. पण तिने एवढं ठामपणे सांगितलं की मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर सिनेमाला गेले. बुधवारी दुपारी, गावातला शेवटचा खेळ. मी पंधरा वर्षांनी थेटरात गेले असेन.

सिनेमा वाईट नाही गं. लांब आहे. ते जिन्याचं मला काही पटलं नाही, भुसा भरलेली बाहुली पायऱ्या उतरली तर गुडघ्यात दुमडेल, एवढं तरी तुला माहीत असायला हवं. पण ती मुलगी फळीखाली बसून दिवस मोजते तिथे मी पदर डोळ्यांना लावला. ते भीतीचं नव्हतं.

मग जाळायचा प्रसंग आला. मी डोळ्यांना चष्मा घट्ट धरला. करंगळी खरंच बरोबर होती, पाची बोटं बेताची, सुबक. मग बाही जळून गेली आणि खांद्याची दोरी दिसली. दोन वेढे, आणि टोक उलटं आत खोचलेलं. टिकले, ती गाठ मी सगळ्या जन्मात एकाच माणसाला शिकवली आहे. टेबलाशी बसवून, तिची बोटं माझ्या बोटांत धरून.

ती जळलेली बाहुली तू केलीस. आणि बाकी सगळं हुबेहूब केलंस, पण करंगळी केली नाहीस. का केली नाहीस ते मला लगेच कळलं. दुसऱ्या कोणी ती बाहुली केली असती तर करंगळीसुद्धा पेरभर लांब केली असती, आणि लोक हसले नसते.

त्या बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना पुन्हा इकडे यायला जमेल ते रविवारी, एक तारखेला. त्या दिवशी या म्हटलंय. खोटं का बोललीस ते मी विचारत नाही. ती कुठे आहे तेवढं सांग.

मावशी


१९ नोव्हेंबर

मावशी,

माझ्याकडे आहे. मी हे लिहितेय त्या टेबलाच्या वर, पुस्तकांच्या फळीवर, दाराकडे तोंड करून.

जाळायच्या दिवशी सगळी तयारी झाली होती. अंगणात विटांची चूल रचलेली, आग विझवणारे दोघे बादल्या घेऊन उभे, कॅमेरा लावलेला. मी तिला स्वतः उचलून चुलीवर ठेवलं आणि ती ठेवताक्षणी तिचे डोळे मिटले. त्यात काही नाही, आडवी केली की मिटतातच, तूच दाखवलं होतंस. पण मला "चालू" म्हणता येईना. साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, ढग आलेत, उद्या करू. आकाश कोरडं ठणठणीत होतं.

दोन दिवसांत दुसरी केली. साच्यातून प्लास्टरचं डोकं आणि हात काढले, कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं, भुसा भरला, दोऱ्या बांधल्या. करंगळीला आले आणि लाकडाचा तुकडा हातात घेऊन बसून राहिले. तुझं बोलणं डोक्यात होतं असंही नाही, नुसता हात चालेना. कोणाच्या तरी घरच्या माणसाची चूक मी मुद्दाम कशी करू. आमच्याकडे एक बाई असतात, एका प्रसंगातली वस्तू दुसऱ्या प्रसंगात तशीच आहे ना हे बघायचं त्यांचं काम. त्यांनी सांगितलं, "मॅडम, बोट वेगळं दिसतंय." मी म्हटलं, धुरात कोणाला दिसणार आहे. सगळ्यांना दिसलं. दोन तास लोकांना ती करंगळी दाखवून दाखवून घाबरवायला बघत होते, आणि शेवटी नेमकी तीच नाही. पेपरवाल्याने तेच लिहिलंय, जे मी तुला पाठवलं नाही. "दिग्दर्शिकेने निदान शेवटपर्यंत एकच बाहुली वापरायची तसदी घ्यायला हवी होती."

आणि तुझ्याशी खोटं बोलले, कारण ती तुला परत द्यायची नव्हती. दिली असती तर तू तिला पुन्हा त्याच फळीवर ठेवलं असतंस, रोज सकाळी दाराकडे, रोज दुपारी भिंतीकडे. ते मला सहन होणारं नव्हतं.

मला तिची भीती कधीच वाटली नाही, मावशी. मुलाखतीत खोटं सांगितलं आणि तेच खोटं चार वर्षं लिहून काढलं. शाळेत जाताना ती दाराकडे बघत असायची, मला वाटायचं, आज हिला न्यायला येणार. घरी यायचे तर तिने भिंतीकडे तोंड केलेलं. म्हणजे दुपारपर्यंत वाट बघून बघून रुसली. मी ठरवून टाकलं होतं, आधी तिला न्यायला येतील, मग मला. तिचा नंबर पहिला, माझा दुसरा. आणि मग एक दिवस आई आली, आणि मी गेले, आणि ती तिथेच राहिली. मी तिच्या पुढे घुसले. निघताना मी वर बघितलंसुद्धा नाही. भीती वाटत असेल तर त्याची वाटते.

हे मला कोणाला सांगता आलं नाही म्हणून त्यात भूत घातलं. मग लोक घाबरणार कसे. त्यांना तिला कडेवर घ्यावंसं वाटलं, तो समीक्षक बरोबरच बोलला.

ती द्यायला हवी हे मला कळतं. तिची माणसं आली आहेत. इतकी वर्षं मला हेच हवं होतं आणि आता आली आहेत तर माझ्याने उठून तिला डब्यात घालवत नाही. कुरिअरने पाठवणार नाही. थोडे दिवस दे.

टिकली


२३ नोव्हेंबर

टिकले,

थोडे दिवस मिळणार नाहीत. रविवारी ती बाई येणार, आणि तू स्वतः घेऊन यायचं.

पण यायच्या आधी तुला एक गोष्ट कळायला हवी. तुझं पत्र वाचल्यापासून मी डोळे निवडलेले नाहीत, कारण या वेळी राग माझा माझ्यावर आहे.

तुझी आई पंधरा दिवसांचं म्हणाली होती, आणि तिने तिचा शब्द जवळजवळ पाळला होता. पाचव्या आठवड्यात तिचं पत्र आलं, खोली मिळाली आहे, रविवारी न्यायला येते. मी उलट कळवलं, पोर इथे छान रमली आहे, शाळा मध्येच मोडू नकोस, सहामाही होऊ दे. सहामाही झाली, तिने पुन्हा लिहिलं. मी कळवलं, आता वार्षिक होऊ दे, तुझ्या रात्रपाळ्यांत तिच्याकडे कोण बघणार. तिसऱ्यांदाही लिहिलं, तेव्हा मी काय कारण दिलं ते मला आठवत नाही, म्हणजे ते खरं नसणार.

शाळेचं खरं होतं. रात्रपाळ्यांचंही खरं होतं. पण मी लिहिलं ते त्यासाठी नाही. दुकानातून घरी जाताना माझ्या हातात एक हात असायचा, तो मला सोडवत नव्हता. मला मूल नाही, एवढंच त्याचं कारण, दुसरं काही नाही. न्यायला आलेल्याची वस्तू अडवून ठेवायची नाही असं मी जन्मभर पाळलं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं मूल अडवून ठेवलं. तू बाहुलीचं केलंस ते बघून मला तुझ्यावर ओरडता येईना, ते यासाठी.

तू सगळी वर्षं आईवर धरून बसलीस ते मला दिसत होतं. तुझ्या गेल्या पत्रातही ते आहे. दर वेळी वाटायचं, या भेटीत सांगू. आणि दर वेळी तू हसत दुकानात शिरायचीस आणि माझी हिंमत जायची. तिनेही तुला कधी सांगितलं नाही. का, ते मला माहीत नाही.

आता तुला यायचं नसेल तर मी समजेन. पण तिला घेऊन ये. तिचा यात काही दोष नाही.

मावशी


७ डिसेंबर

मावशी,

रविवारी मी तुझ्याशी नीट बोलले नाही. त्या बाई समोर होत्या हे निमित्त, खरं म्हणजे मला बोलायचं नव्हतं. तुझ्यावर राग आहे. माझ्याकडे डोळ्यांचा डबा नाही म्हणून आठवडाभर फरशीचे नमुने रंगाप्रमाणे लावत बसले. अजून संपलेले नाहीत. संपेपर्यंत पत्रं लिहीत राहीन, कारण अबोला आपल्या घरात आधीच पुष्कळ झाला आहे.

तू आत चहा ठेवायला गेलीस तेव्हाचं तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते. तू पावतीचे दोन तुकडे जोडून टेबलावर ठेवले होतेस. त्यांनी ते बघितलेही नाहीत. बाहुलीच्या तोंडाकडेही बघितलं नाही. पहिल्यांदा ती करंगळी आपल्या मुठीत धरली, लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरतं तशी, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही हिची करंगळी दुसरीला केली नाहीत, म्हणून मी आले. ती केली असती तर जळली समजून गप्प बसले असते." माझ्या सिनेमातली सगळ्यात मोठी चूक. मी त्यांना रडू नका म्हणणार होते, पण रडत मीच होते.

निघताना मी वर बघितलं. फळी रिकामी होती. या वेळी मी तिच्या मागून निघाले.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आईला फोन केला. हवेचं काढू दिलं नाही. विचारलं, मावशीची ती पत्रं खरी का. तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "ताईने सांगितलं तर." तिच्याकडे तिन्ही पत्रं आहेत, कपाटात, माझ्या जन्मदाखल्याबरोबर. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "तू माझ्यावर रागावलीस तरी माझीच राहणार होतीस. तिच्यावर रागावली असतीस तर तिच्याकडे कोण राहिलं असतं?"

मावशी, हे तुला लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला. लिहिलं, कारण तुला ते कळायला हवं.

पुढे ती म्हणाली, "आणि मी आले तेव्हा तू मला बघून टेबलाखाली जाऊन बसलीस. मग मला वाटलं, ताईचं खरंच होतं. तू रमली होतीस, मीच उगाच न्यायला आले." म्हणजे सत्तावीस वर्षं ती हे धरून बसली होती. मी टेबलाखाली गेले ते तिने वाकून शोधावं म्हणून. हाताला धरून ओढून बाहेर काढावं, म्हणजे मग खात्री पटली असती. ती वाकली नाही, दारातच उभी राहिली, आणि तूच मला बाहेर काढलंस. मी हे तिला फोनवर सांगितलं. मग तिने विचारलं, "रविवारी येऊ का?"

उद्या येते आहे, सकाळी अकराच्या सुमारास. माझ्या घरी ती एकटी पहिल्यांदाच येते आहे, पत्ता तिने दोनदा लिहून घेतला. पुस्तकांच्या वरची जागा मी रिकामीच ठेवली आहे आणि टेबलाशी असलेली खुर्ची आत्ताच दाराकडे वळवून ठेवली. टेबलाखाली मी आता मावत नाही. मावले असते तरी गेले नसते.

टिकली